होडीला पाणी हवं, रोहितांना चिखल

ठाणे खाडीच्या फेरीला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फ्लेमिंगो दिसतील ना नक्की?" फोनवर विचारतात, जेट्टीवर विचारतात, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना पुन्हा एकदा विचारतात. प्रश्न रास्तच आहे. कोणी बदलापूरहून पहाटेची पहिली लोकल पकडून आलेलं असतं, कोणी आजी-आजोबा आणि नातवंडं एका गाडीत घालून पुण्याहून. या फेऱ्यांबरोबर मी वाटाडी म्हणून जाते. रोहितांविषयी, म्हणजे फ्लेमिंगोंविषयी, मला बरंच सांगता येतं, पण ते आज दिसतील की नाही हे पाणी ठरवतं, आणि ते पाणी वाचणारी माणसं प्रवाशांच्या फोटोंत सहसा येत नाहीत. त्या माणसांचे, पाण्याचे आणि पाण्याखालच्या चिखलाचे हे किस्से आहेत.

आधी जागेची ओळख. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामध्ये सुमारे २६ किलोमीटर आत शिरलेली ही खाडी. तिच्या उत्तरेकडच्या भागाला ऑगस्ट २०१५ मध्ये 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' म्हणून संरक्षण मिळालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलं पाणी. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. २०२२ मध्ये खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचं हे महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ. कागदावरची ओळख एवढी. खाडीवरचा दिवस मात्र आमची होडी चालवणाऱ्या तांडेलमामांच्या बोटांवर सुरू होतो.

तिथीची पाऊणपट

मामा दिवागावचे कोळी. वडील, आजोबा याच खाडीत पाग टाकायचे. एका सकाळी होडीत एक तरुण अभियंता होता. त्याच्या मोबाइलवर भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं अ‍ॅप होतं आणि ते तो उत्साहाने मामांना दाखवत होता. मामांनी अ‍ॅप बघितलं नाही. त्यांनी विचारलं, "आज तिथ कोणती?" कोणीतरी कॅलेंडर काढून सांगितलं, षष्ठी. मामा म्हणाले, "सहा त्रिक अठरा. अठराचा चौथा हिस्सा साडेचार. पहाटे साडेचारला पानी भरलं. आता निघालंय. बसा लवकर."

अभियंत्याने अ‍ॅप पाहिलं. फरक काही मिनिटांचा निघाला. पुढचा अर्धा तास तो रोहित विसरून या हिशोबातच गुंतला.

हिशोब कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. सूत्र पाऊण तास धरतं. उरलेल्या मिनिटांची तूट आणि समुद्राकडच्या तोंडापासून खाडीच्या आतल्या टोकापर्यंत पाणी पोचायला लागणारा वेळ कोळ्याची नजर भरून काढते. मामा जेट्टीच्या खांबावरच्या ओल्या रेघेकडे एकदा बघतात आणि होडीची दोरी सोडतात.

हा हिशोब चुकला तर फेरीच होत नाही, कारण होडीला पाणी हवं आणि रोहितांना चिखल. पूर्ण भरतीला होडी कुठेही जाते, पण चिखल बुडालेला असतो आणि पक्षी भलतीकडे गेलेले असतात. पूर्ण ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो, पक्षी त्यावर पसरतात आणि होडी जेट्टीलाच रुतून बसते. मधले दीड-दोन तास तेवढे दोघांच्याही कामाचे. त्यातही उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून आमच्या फेरीची वेळ आज सकाळी सात, परवा साडेआठ, पुढच्या आठवड्यात दुपारी अशी बदलत राहते. काही जणांना हा गलथानपणा वाटतो. त्यांना मी मामांच्या शेजारी बसवते.

"जेवाया बसलेत ते"

एकदा एक हौशी छायाचित्रकार आले होते. हातात मोठी लेन्स, मनात एकच चौकट: शेकडो रोहित एकदम उडालेले, पंखांतला लाल आणि काळा रंग उघडा पडलेला. रोहित शांतपणे मान खाली घालून चरत होते. थोडा वेळ थांबून ते मामांना म्हणाले, "मामा, होडी जरा आत घ्या ना. एकदा उडवा, म्हणजे झालं."

मामांनी इंजिन बंद केलं, बांबू चिखलात रोवला आणि होडी तिथेच धरली. "जेवाया बसलेत ते," एवढंच म्हणाले.

त्या तीन शब्दांच्या मागे आमच्यात बऱ्याच बैठका झालेल्या आहेत. हंगाम सुरू होण्याआधी तांडेल आणि वाटाडे एकत्र बसतात. इंजिन कुठे बंद करायचं, वाऱ्याचा आणि पाण्याचा ओघ पाहून होडी कुठून न्यायची, थव्याच्या समोरून न जाता बाजूने कसं जायचं, हे ठरतं. सगळ्यात महत्त्वाची ठरते ती खूण. चरणाऱ्या रोहिताची मान खाली असते. होडी जास्त जवळ गेली की कडेच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना वर येतात. मग सगळा थवा एकाच दिशेने चालायला लागतो. त्यानंतर उडतो. आम्ही पहिली मान वर आली की थांबतो. प्रवाशांना ही खूण कळत नाही, त्यांना वाटतं होडी सहज थांबली.

रोहितांना चरायला मिळणारा वेळ पाण्याने आधीच मोजून दिलेला असतो. चिखल उघडा किंवा घोटाभर पाण्याखाली असेल तेवढाच काळ. त्यात त्यांना उडवलं तर उडण्याची ताकदही खर्च होते आणि घासही जातो. दिवसभर चार होड्यांनी असं केलं तर पक्षी उपाशी राहतो, आणि पुढे याच पक्ष्याला गुजरातपर्यंतचा पल्ला गाठायचा असतो.

छायाचित्रकार रुसले नाहीत. त्यांनी लेन्स खाली केली आणि प्रथमच चोचीकडे पाहिलं. रोहिताची चोच मध्येच वाकलेली असते आणि खाताना तो डोकं उलटं करतो, म्हणजे वरचा जबडा खाली येतो. जाडजूड जीभ मागे-पुढे होत पाणी आत खेचते आणि बाहेर ढकलते. चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्या गाळण्यासारखं काम करून अन्न आत अडवतात. खाडीत बहुसंख्य असतात ते लहान रोहित, गडद चोचीचे, जेमतेम तीन फुटांचे. त्यांचं गाळणं इतकं बारीक की सूक्ष्म शैवालही सुटत नाही. त्यांच्यात मधूनमधून उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक असलेले मोठे रोहित दिसतात. त्यांचं गाळणं जाडसर. ते कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, किड्यांच्या अळ्या, छोटे शिंपले वेचतात. एकाच चिखलात दोघे जेवतात, आणि कोणी कोणाच्या ताटातलं घेत नाही.

ओहोटीचं पाणी आणखी उतरलं तसा थव्याचा एक भाग आपणहून उठला आणि नव्याने उघड्या पडलेल्या पट्टीवर जाऊन उतरला. छायाचित्रकारांना त्यांची चौकट मिळाली. मला त्याहून आनंद याचा झाला, की पुढच्या हंगामात ते पुन्हा आले तेव्हा सोबतच्या मित्राला इंजिन का बंद केलं हे तेच समजावून सांगत होते.

नाक धरणारी मुलं

शाळेच्या सहली आल्या की जेट्टीवर पाऊल ठेवताच मुलं नाक धरतात. ओहोटीच्या चिखलाला वास असतोच. त्या चिखलात काही मिलिमीटरखाली हवा पोचत नाही. पडलेली तिवराची पानं, मेलेले जीव, सगळं तिथे प्राणवायूविना कुजतं आणि त्यातून गंधकाचा वायू सुटतो. कोणत्याही निरोगी खारफुटीच्या जंगलात हा वास येतो. पण आमच्या खाडीत त्यात दोन शहरांच्या सांडपाण्याचा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा वासही मिसळलेला आहे.

एका सहलीत पाचवीतल्या मुलीने नाकावरचा रुमाल न काढता विचारलं, "पाणी एवढं घाण आहे, तर एवढे सुंदर पक्षी इथे का येतात?"

या प्रश्नावर आमच्या गटात त्याआधी वाद झाले होते. काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं, प्रवासी सुट्टी काढून आनंदासाठी येतात, त्यांना गटारं कशाला दाखवायची? उलट बाजूने भीती अशी, की खरं उत्तर दिलं तर लोक म्हणतील, घाण पक्ष्यांच्या फायद्याचीच आहे, मग साफ कशाला करायची? शेवटी आम्ही ठरवलं की पूर्ण सांगायचं, अर्धवट ठेवायचं नाही.

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं. ते उथळ, उबदार, उन्हातल्या पाण्यात आलं की नील-हरित शैवाल भरभरून वाढतं. लहान रोहितांचं तेच मुख्य अन्न. त्या शैवालातच कॅरोटिन वर्गातली रंगद्रव्यं असतात आणि तीच पिसांत उतरून पक्षी गुलाबी होतो. रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. रंग चढायला दोन-तीन वर्षं लागतात. शिवडीच्या चिखलावर १९९० च्या दशकात हे पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागले, पुढे ते खाडीत आतपर्यंत पसरले आणि काही हंगामांत त्यांची संख्या लाखाच्या वर गेली.

मग दुसरी बाजू. तेच नत्र प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. कारखान्यांतून आलेले जड धातू चिखलात साठतात; ते शिंपल्यांत, शिंपल्यांतून पक्ष्यांत आणि माणसांच्या ताटातही जातात. म्हणजे घाणीतला एक घटक आज पक्ष्यांना अन्न देतो आणि दुसरे घटक त्याच चिखलाला विषारी करतात. रोहित आले म्हणून खाडी ठणठणीत आहे असा दाखला कोणी देऊ नये.

मुलीने थोडा विचार केला. "मग विष वेगळं काढायचं," ती म्हणाली. खाडीवरच्या कितीतरी चर्चासत्रांचं सार तिने एका वाक्यात सांगितलं होतं. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नये, कारखान्यांचं रासायनिक पाणी खाडीत येऊच नये. तज्ज्ञांची मागणी हीच आहे.

निवटी ओळखणाऱ्या आजी

घणसोलीच्या एका कुटुंबाबरोबर आजी आल्या होत्या. सुनेने आग्रह केला म्हणून आलेल्या. होडीत बसल्यावरही त्यांचा चेहरा "मला काय दाखवताय" असाच. मी तिवरांविषयी सांगत होते. मुळं जमिनीतून वर येऊन श्वास घेतात, पानांवर मिठाचे कण साचतात वगैरे. आजींचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या चिखलाकडे बघत होत्या. एकदम म्हणाल्या, "निवट्या! बघ गो, निवट्या!"

चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेर हिंडतो. त्वचेतून आणि ओलसर ठेवलेल्या तोंडातून हवा घेतो, पुढच्या परांवर सरपटतो. वीण जवळ आली की नर शेपटीवर जोर देऊन हवेत उंच उडी मारतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, तोवर आजींनी सूत्रं हातात घेतली होती.

"ह्याच्या बिळाला दोन तोंडं असतात. एकावर पाय ठेवायचा, दुसऱ्यात हात घालायचा. घाई करायची नाय. हाताला गार लागला की समजायचं." मग चिंबोरी कोणत्या बिळात असते, तिच्या दाराशी चिखल कसा पडलेला असतो, पौर्णिमेच्या आसपास ती भरलेली असते की रिकामी, हे सगळं आलं. जिताडा, बोय, खरबी, कोळंबी. कुठला मासा कुठल्या पाण्याला खाडीत शिरतो. निवट्यांचं कालवण कसं करायचं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा होडीतल्या बायकांनी मोबाइलवर टिपून घेतलं.

मला त्या तासात जे मिळालं ते पुस्तकांत नव्हतं. मी चिखलाकडे पक्ष्यांचं ताट म्हणून बघत होते. आजी त्याच्याकडे आपलं शेत असल्यासारखं बघत होत्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहू लागली, आणि या गावांची भातशेती, खाजणं, मिठागरं संपादनात गेली. अनेक आगरी-कोळी घरांना खाडी तेवढी उरली. "पोरं लहान होती तवा या चिखलानं जेवू घातलं," आजी म्हणाल्या.

तेव्हापासून आम्ही काठावरच्या गावांतल्या जाणत्या बायकांना हंगामापूर्वी बोलावतो. नवे वाटाडे त्यांच्यासमोर बसतात आणि विचारतात. चिखलात राहणाऱ्या जिवांची माहिती आज आम्ही जी देतो, तिचा मोठा भाग त्या बैठकांतून आला आहे.

पंख्यात अडकलेली साडी

प्रवासी येण्याआधी तासभर मामा आणि त्यांचा पुतण्या होडी तपासतात. इंजिन वर उचलतात, पंखा बघतात. त्यात कधी दुधाच्या पिशव्या, कधी नायलॉनचं जाळं, कधी निर्माल्याच्या पोतडीची दोरी. एकदा आख्खी साडी गुंडाळलेली निघाली. मामांच्या पायाशी कोयता कायम असतो तो यासाठी. भरतीबरोबर आलेलं प्लास्टिक ओहोटीला परत जात नाही. तिवरांच्या श्वसनमुळांत अडकतं. मुळांवर थर चढला की झाडाचा श्वास कोंडतो.

संक्रांतीनंतरचे आठवडे वाईट. कापलेल्या पतंगांचा मांजा वाऱ्याने येऊन तिवरांच्या शेंड्यांवर पसरतो. एका फेरीत एक शेकाट्या, लांब लाल पायांचा तो नाजूक पक्षी, पायात मांजा अडकून फांदीला लटकत होता. होडीत माणसं होती, वेळ मोजका होता. मामांनी विचारलंही नाही. होडी वळवली, पुतण्या गुडघाभर चिखलात उतरला. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन गेला. पक्षी कापडात गुंडाळून काठावर पोचवला आणि तो तज्ज्ञांच्या हाती गेला.

त्या दिवशी होडी थव्याकडे गेलीच नाही. पाणी निघून गेलं होतं. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. उलट उतरताना एका गृहस्थांनी त्यांच्या सोसायटीत नायलॉन मांजावर बंदी घालण्याचा ठराव आणतो असं सांगितलं, आणि पुढच्या महिन्यात त्या ठरावाचा फोटो आम्हाला पाठवला.

भरतीला रोहित कुठे जातात?

नेरूळला राहणाऱ्या एका बाई फेरीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोहित तर आमच्या खिडकीतूनही दिसतात. मग हे आणि ते वेगळे का?" होडीतल्या बाकीच्यांना हे ऐकून नवल वाटलं. वेगळे नाहीत. खाडीचा चिखल भरतीने झाकला की हेच पक्षी उडून नवी मुंबईतल्या उथळ तळ्यांवर जातात, सीवूड्सजवळच्या पाणथळ जागांवर, नेरूळच्या डीपीएस तलावावर. ओहोटी लागली की परत खाडीत. अभयारण्याच्या सीमेत त्यांचा अर्धाच दिवस मावतो. उरलेला अर्धा इमारतींच्या आणि रस्त्यांच्या मध्ये जातो.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रं बसवली. त्यातल्या एकाचं नाव पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यावरून 'हुमायून'. खाडी, तळी आणि पुढे गुजरात अशा त्यांच्या वाटा नकाशावर उमटू लागल्या. रोहितांची वीण कच्छच्या रणात होते, डॉ. सालिम अली १९४५ मध्ये तिथल्या 'फ्लेमिंगो सिटी'पर्यंत पोचले होते. पावसाळा तोंडावर आला की आमच्या खाडीतले थवे तिकडची वाट धरतात.

तळ्यांचं महत्त्व २०२४ च्या उन्हाळ्यात सगळ्यांना कळलं. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्या, तळं सुकलं, तिथे पक्षी मेले. त्याच हंगामात, २० मे रोजी घाटकोपरवर उतरत्या विमानाला थवा धडकला आणि ३९ रोहित गेले. त्यानंतरच्या दिवसांत आमचे फोन थांबत नव्हते. जुने प्रवासी, शाळांचे शिक्षक, अ‍ॅपवाला तो अभियंता, सगळे विचारत होते, आम्ही काय करू शकतो? नवी मुंबईतले रहिवासी तर त्याआधीपासून तलावाकाठी उभे राहत होते, अर्ज देत होते, पाण्याच्या वाटा मोकळ्या करा म्हणत होते. २०२५ मध्ये डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता मिळाली, ती या माणसांच्या चिकाटीमुळे.

यात एक गुंता आहे, तो प्रवाशांना सांगताना मी मुद्दाम वेळ घेते. कांदळवन वाढलं की आपण आनंदतो, आणि तो आनंद योग्य आहे. तिवरं किनारा धरून ठेवतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात, रात्री कोल्हे त्यांच्यातच वावरतात. पण या खाडीत गाळ साचत चालला आहे. साचलेल्या गाळावर तिवरं पुढे सरकतात आणि उघडा चिखल आक्रसतो. रोहित झाडीत चरू शकत नाही. त्याला मोकळा, सपाट, ओला चिखल लागतो. म्हणून खाडी राखायची तर झाडं, चिखल, पाणी आणि तळी चारही एकत्र राखावी लागतात. एकाचं कौतुक करून दुसऱ्यावर भराव टाकला तर साखळी तुटते.

पहिली खबर कोणाला लागते

मामांचा पुतण्या आता स्वतः होडी चालवतो. तिथीची पाऊणपट त्याला तोंडपाठ आहे, इंजिनही तोच खोलतो. मध्यंतरी पहाटे होडी काढायला जाताना त्याला तिवरांच्या कडेला ताजा राडारोडा दिसला. रात्रीत कोणीतरी दोन-तीन गाड्या ओतून गेलं होतं. त्याने फोटो काढले, जागा नोंदवली, वनविभागाला कळवलं आणि त्या रात्री गावातल्या मित्रांना घेऊन तिथे पहारा ठेवला. पुढची गाडी आली तेव्हा अधिकारी हजर होते. ढिगारा उचलला गेला.

कायदा त्याच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव घालायला मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ती कायम केली. २०१२ पासून वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. पण आदेश आणि कार्यालयं दिवसा जागी असतात. भराव रात्री पडतो. त्या वेळी खाडीवर नजर असते ती तिच्यावर पोट असलेल्या माणसाची.

म्हणून फेरीच्या तिकिटाकडे मी नुसतं सहलीचा खर्च म्हणून बघत नाही. त्यातून काठावरच्या गावातल्या तरुणाला खाडी सोडून न जाण्याचं कारण मिळतं. मासे कमी झाले, तरी त्याला रोज त्या पाण्यावर जावं लागतं, आणि तो रोज जातो म्हणून बुजलेला नाला, मेलेले मासे, रात्रीत उगवलेला ढिगारा त्याला सगळ्यांच्या आधी दिसतो. यंदा दिवागावातल्या दोन मुलीही आमच्याकडे वाटाड्याचं काम शिकत आहेत. एकीची आजी अजून निवट्या धरते.

तुम्ही डिसेंबर ते मे या काळात कधीही या. फेरीची वेळ विचारताना आमच्यावर घाई करू नका, ती चंद्र ठरवतो. गडद कपडे घाला, आवाज हळू ठेवा आणि काठावरच्या गावातल्या माणसांशी आवर्जून बोला. घरी गेल्यावर आपल्या वॉर्डातल्या तळ्याला भरतीचं पाणी पोचतं का, नाल्यातून खाडीत काय जातं, याची चौकशी करा आणि उत्तर मिळेपर्यंत ती सोडू नका. ठाणे खाडी दोन महानगरांच्या मधोमध अजून जिवंत आहे, कारण तिची अशी चौकशी करणारी माणसं प्रत्येक पिढीत निघाली. या पिढीतही ती निघायला हवीत, आणि तुम्ही त्यांच्यातले व्हावं एवढ्यासाठीच आम्ही होडी काढतो.